पत्ता देणार नाही

परवा सकाळी पुतण्याचा फोन आला. एरवी तो दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला करतो, त्यामुळे अवेळी त्याचं नाव दिसलं की पोटात धस्स होतं.

"काकू, सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुबा मोडलाय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, पण त्यांचं वय बघता आम्हाला नको वाटतंय. तुम्ही त्या वैद्यांकडे जात होतात ना, त्यांचा पत्ता द्या."

मी म्हटलं, "देणार नाही."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण काकू, तुमचं तर तिथे बरंच जुळलं होतं ना? मध्येच सोडलंत म्हणून ऑपरेशन करावं लागलं, असं आई म्हणत होती."

त्याला जे सांगायचं ते सांगितलं आणि फोन ठेवला. पण नंतर चहा पुढ्यात गार होईपर्यंत मी बसून राहिले. माझ्या पायाची अशी एक गोष्ट आमच्या घराण्यात तयार झालेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती तयार झाली याला मीच कारण, कारण मी कधी तोंड उघडलं नाही. म्हणून आज लिहिते. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, त्यांनी तर वाचावंच. नेहमीच्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींनीही 'म्हातारीचं दुखणं' म्हणून कंटाळा करू नये. पाय घसरायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर ऑगस्ट २०२२. गणपती चार दिवसांवर आले होते. मागच्या अंगणातली शहाबादी फरशी पावसानं शेवाळली होती आणि मी तिथे तुळशीला पाणी घालायला गेले. पडले ती डाव्या कुशीवर. उठता येईना. पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. तेव्हा वाटलं, मी वाकडी पडले म्हणून तसा दिसत असेल. आता माहीत आहे की खुबा मोडल्याची ती पुस्तकातली खूण आहे.

दवाखान्यात फोटो काढला. मांडीच्या हाडाची मान मोडली होती आणि तुकडे सरकले होते. एक तरुण डॉक्टर माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि माझ्या मुलाशी इंग्रजीत बोलले. तीनेक मिनिटं. मी बी.ए. आहे, पण मराठी माध्यमातली, आणि त्यात वेदनेनं जीव कासावीस. मला कळलं ते एवढंच, की 'बॉल' बदलायचा, दोन दिवसांत बदलायचा, आणि एक लाख साठ हजार रुपये. जाताना मला म्हणाले, "काळजी करू नका हं आजी." काय करणार आहेत, का करणार आहेत, नाही केलं तर काय होईल, हे मला कुणी सांगितलं नाही. पाय माझा होता.

संध्याकाळी वन्सं आल्या. त्यांच्या शेजारच्या बाईंच्या सासूचा खुबा एका वैद्यांनी ऑपरेशनशिवाय बसवला होता. सातारहून दीड-दोन तासांवरचं गाव. 'आयुर्वेदिक पद्धतीने, विना ऑपरेशन, विना प्लास्टर' अशी पाटी. मी भूल द्यायला घाबरत होते, माझी साखर वाढलेली होती, आणि एक लाख साठ हजार हा आकडा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात लहान नसतो. मी म्हटलं, तिकडेच न्या. मुलगा नको म्हणत होता. ह्यांनी काही म्हटलं नाही. निर्णय माझा होता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला कुणी फसवून नेलं नाही.

वैद्यांनी माझ्याजवळ बसून विचारलं, "माहेर कुठलं?" माझी नाडी बघितली. माझ्या हाताची पाठ थोपटली. फोटो ट्यूबलाइटपुढे धरून क्षणभर पाहिला आणि म्हणाले, "पंचेचाळीस दिवसांत चालवतो." त्या दवाखान्यातल्या तीन मिनिटांनंतर हे ऐकून मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

मग दर शनिवारी पट्टी. लेप, त्यावर कापडाच्या पट्ट्या, बांबूच्या कांब्या. पोटात लाक्षादि गुग्गुळ, कांडवेलीचा रस आणि तीन प्रकारच्या पुड्या. पुड्यांत काय आहे ते विचारलं तर "तुम्हाला नावं सांगून काय कळणार" असं उत्तर. पट्टीचे पाचशे, औषधांचे साडेसातशे, गाडीभाडं अठराशे. दर खेपेला तीन हजार पन्नास. अशा अठरा खेपा झाल्या. गुणाकार केला तर चोपन्न हजार नऊशे होतात. 'स्वस्तात काम झालं असतं' म्हणणाऱ्यांसाठी हा हिशेब दिला.

पंचेचाळीस दिवस झाले, साठ झाले, नव्वद झाले. दिवाळी मी पलंगावरून पाहिली. माकडहाडापाशी जखम झाली, ती चिघळली. "नवा फोटो काढू या का?" असं मुलानं दोनदा विचारलं. "फोटोनं हाड जुळत नाही, औषधानं जुळतं," असं वैद्य म्हणाले आणि आम्ही सगळे मान डोलावून परत आलो. मी तीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगत आले होते!

शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मुलानं मला न विचारता पुण्याला नेलं. फोटो निघाला. हाड जुळलेलं नव्हतंच. मोडलेल्या मानेचा बराचसा भाग झिजून नाहीसा झाला होता. इथले डॉक्टर मात्र स्टूल ओढून माझ्याजवळ बसले, केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं आणि मराठीत समजावलं. पाठीची जखम भरल्याशिवाय त्यांना शस्त्रक्रिया करता येईना, म्हणून आणखी चार आठवडे गेले. फेब्रुवारीत सांधा बदलला. दोन लाख पंच्याहत्तर हजार. सहा महिने न वापरलेले स्नायू वाळून गेले होते, ते पुरते परत आले नाहीत. डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे. चपलेला जाड तळ लावून आणि काठी घेऊन चालते. तरी चालते, हे त्या डॉक्टरांचे उपकार.

आता त्यांनी काढलेलं चित्र तुम्हाला शब्दांत सांगते, कारण सगळ्या वादाचं मूळ त्या चित्रात आहे.

मांडीच्या हाडाला वर एक मान असते आणि मानेवर गोळा. गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः खालून, मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडून सरकली की त्या वाहिन्या तुटतात. म्हणजे देठ तुटलेल्या आंब्यासारखी गत. शिवाय इतर हाडांवर जे जाडसर आवरण असतं, ज्यातून नवं हाड धरतं, ते या जागी नसल्यासारखंच. ही जागा सांध्याच्या पिशवीच्या आत असल्यामुळे सांध्यातलं पाणी मोडलेल्या फटीत शिरत राहतं. वरून स्नायू पाय ओढत असतात. तुकडे एकमेकांना भेटत नाहीत, रक्त पोचत नाही, मग जुळणार काय? यात लेप बिचारा काय करणार? कातडी, चरबी आणि मूठभर जाडीचे स्नायू ओलांडून बाहेरून बांधलेली कांबी त्या गोळ्याला धरूच शकत नाही.

मग वन्संच्या शेजारणीच्या सासूचा खुबा कसा जुळला? हा प्रश्न मी त्या डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, "आजी, लोक ज्याला खुबा मोडला म्हणतात ते एक दुखणं नव्हे, दोन आहेत." मानेच्या खाली, सांध्याच्या पिशवीबाहेर हाड मोडलं तर तिथे रक्त भरपूर असतं. ते हाड शस्त्रक्रिया न करताही बहुधा जुळतं. वाकडं जुळतं, पाय आखूड होतो, आणि दोन-तीन महिने पडून राहिल्यामुळे छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी असे धोके असतात. म्हणून तिथेही आता शस्त्रक्रियाच करतात. पण जुळतं. मानेतलाही एखादा मोड असा असतो की दोन्ही टोकं एकमेकांत रुतून बसतात, आणि तो क्वचित आपोआप धरतो. ती सासू यातलीच कुणीतरी असणार. तिचा खुबा आणि माझा खुबा यांत नावापलीकडे साम्य नव्हतं. आम्ही मात्र नाव ऐकलं आणि गाडी ठरवली.

इथून पुढे मला जरा भांडायचं आहे.

'त्यांच्याकडे शेकडो लोक बरे होतात' हे वाक्य मी आता कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. बरे होतात, हे खरं आहे. कारण हाड जोडण्याचं काम हाडच करतं. मनगट, गळ्याखालचं हाड, बरगडी, लहान मुलांचे हातपाय, यांतली कित्येक हाडं नीट स्थिर राहिली की आपली आपण जुळतात. प्लास्टर हाड जोडत नाही आणि लेपही जोडत नाही, दोन्ही फक्त धरून ठेवतात. कावळा बसतो आणि फांदी मोडते. इथे उलट, कावळा बसतो आणि फांदी जुळते, श्रेय कावळ्याला.

दुसरं, ज्यांचं जुळत नाही ते कुठे जातात? ते परत वैद्यांच्या दारात भांडायला जात नाहीत. ते माझ्यासारखे निमूटपणे पुण्याला जातात. म्हणजे वैद्यांच्या डोळ्यांपुढे उरतात ते फक्त बरे झालेले. म्हणून मला ते गृहस्थ लबाड वाटत नाहीत. त्यांचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास असावा. मी शाळेत होते तेव्हा गुरुपौर्णिमेला जुने विद्यार्थी भेटायला यायचे. कुणी इंजिनिअर, कुणी तहसीलदार. मला वाटायचं, काय छान शिकवलं मी! नापास होऊन शाळा सोडलेली मुलं गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येत नाहीत. त्यांचा हिशेब ठेवायचा तर हजेरीपट उघडून एकेक नाव शोधावं लागतं. वैद्यांकडे तो हजेरीपटच नाही. किती आले, कुठलं हाड मोडलेले आले, किती जुळले, किती गेले, काहीच लिहिलेलं नाही. मग शेकडो म्हणजे किती? आणि कितीतले शेकडो?

तिसरं, पथ्य. जानेवारीत मुलानं वैद्यांना फोन करून सांगितलं की हाड जुळलेलं नाही. उत्तर आलं, "आईंनी पथ्य पाळलं नसणार. वांगं खाल्लं असेल." संक्रांत नुकतीच झाली होती. भोगीच्या भाजीत दोन फोडी वांग्याच्या होत्या, हे खरं आहे! मी चार दिवस स्वतःला अपराधी समजत होते, हसू नका. जुळलं तर औषधाचा गुण आणि न जुळलं तर वांग्याचा दोष, अशी ही पद्धत आहे. पास झालेलं मूल माझ्यामुळे आणि नापास झालेलं त्याच्या आळसामुळे, असं म्हणणारे शिक्षकही मी स्टाफरूममध्ये पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना शिकवण्यातली चूक कधी सापडत नाही, कारण ती सापडण्याची वाटच त्यांनी बंद केलेली असते.

आता कुणी म्हणेल, काकू आयुर्वेदावर उलटल्या. अजिबात नाही. खोकल्याला आमच्याकडे अजून अडुळसाच उकळतो, आणि सुंठ-गुळाची गोळी खाल्ल्याशिवाय माझा पावसाळा जात नाही. उलट अंथरुणावर पडल्या पडल्या मी नगरवाचनालयातून सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर मागवून घेतलं आणि वाचलं. वाचल्यावर त्या पाटीचा जास्तच राग आला.

सुश्रुतांनी निदानस्थानात मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिले आहेत. म्हणजे आधी प्रकार ओळखा, मग हात लावा. चिकित्सास्थानात बांधणं कसं असावं ते सांगितलं आहे. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट बांधलं तर सूज येऊन पिकतं. मांडी आणि नडगी मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय जखडायला सांगितलं आहे, हलू नये म्हणून. आणि मला दर शनिवारी दोन तास जीपमध्ये घालून खड्ड्यांतून नेत होते! हाड जुळायला तरुणाला एक महिना, मध्यमवयीनाला दोन आणि म्हाताऱ्याला तीन, असंही तिथे लिहिलं आहे. बहात्तर वर्षांच्या बाईला 'पंचेचाळीस दिवस' हे सुश्रुतांनी सांगितलेलं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, काही भंग असाध्य असतात, ते वैद्यानं हाती घेऊ नयेत, हेही त्याच ग्रंथात आहे. 'हे माझ्याच्यानं होणार नाही' म्हणायला सुश्रुतांना कमीपणा वाटला नाही.

शरीर आतून कसं असतं ते कळावं म्हणून प्रेत पाण्यात सात रात्री ठेवून, त्याचे थर सोडवून डोळ्यांनी बघा, असं शिष्यांना सांगणारा तो माणूस. भोपळ्यावर आणि कातड्याच्या पिशवीवर कापण्याचा सराव करून घेणारा. रंटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ साली. ते सुश्रुतांच्या हाती लागले असते तर त्यांनी रोज फोटो काढले असते! 'फोटोनं हाड जुळत नाही' म्हणणारा त्यांचा वारस कसा?

आणि 'विना ऑपरेशन म्हणजेच आयुर्वेद' हे समीकरण कुणी काढलं? शल्य हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेनं आयुर्वेदातल्या शल्य-शालाक्य शिकलेल्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण देण्याचा नियम काढला, तेव्हा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी ११ डिसेंबरला देशभर संप केला होता. त्या वादात कुणाचं बरोबर, हा माझा विषय नाही. पण तेव्हा आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारी मंडळी म्हणत होती, शस्त्रक्रिया आमचीच, सुश्रुतांपासून चालत आलेली. मग तीच मंडळी म्हाताऱ्या आईला 'कापाकापी नको' म्हणून पाटीखाली नेतात. एकदा काय ते ठरवा.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. त्या पहिल्या तरुण डॉक्टरांचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. तरी त्यांच्याकडून मी उठून गेले, कारण बरोबर सल्ला त्यांनी माझ्यापर्यंत पोचवलाच नाही. पुढे दुसऱ्यांनी जे चित्र काढलं त्याला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मला ऑगस्टमध्ये मिळाली असती तर मी वैद्यांच्या दारात गेले नसते. डॉक्टर, तुमच्याकडे ज्ञान आहे आणि त्यांच्याकडे 'माहेर कुठलं?' आहे. घाबरलेलं माणूस कुठे जाईल, ते तुम्हीच सांगा. वर्गात अवघड धडा शिकवून मुलं नापास झाली तर 'मी तर बरोबरच शिकवलं होतं' म्हणून भागत नाही. पैशांचं बोलणंही पलंगाच्या पायथ्याशी आकडा फेकून होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डाची सोय झाली आहे. ती या दवाखान्यात चालते का, नसेल तर कुठे चालते, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यांच्या सहाय्यकानं माझा व्हिडिओ काढला. दोघांनी धरून मला उभं केलं होतं. भार सगळा उजव्या पायावर. त्यांनी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बरं वाटतंय. दुखणं पुष्कळ कमी आहे." दुखणं कमी होतंच, महिना-दीड महिना पाय हलवला नाही की होतं. पण दुखणं कमी होणं आणि हाड जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पलीकडून विचारलं, "ऑपरेशन टळलं ना?" मी हसून मान हलवली.

तो व्हिडिओ अजून व्हॉट्सॲपवर फिरतो. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मलाच पाठवला. "बाई, या तुम्हीच ना? आम्ही तुमच्यामुळे सासऱ्यांना तिकडे नेलं." त्यांचं काय झालं हे विचारायची मला हिंमत झाली नाही. 'बाईंनी सांगितलं' यावर माझ्या गावातली माणसं विश्वास ठेवतात. तो विश्वास मी तीस वर्षं वर्गात कमावला आणि अर्ध्या मिनिटात तिथे वापरू दिला. तो पुसायला नंतर मी काहीच केलं नाही. वन्संना वाईट वाटेल, त्यांनी प्रेमानं सुचवलं होतं, कशाला उगाच, असं म्हणत राहिले. आपल्याकडे अशी न बोललेली अपयशं किती असतील! घराघरांत एकेक असेल. बऱ्या झालेल्यांचं सगळे ऐकतात, आणि माझ्यासारखे गप्प बसतात.

त्या सहा महिन्यांत ह्यांनी माझं सगळं केलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी पलंगाशी भांडं धरलं, मला कुशीवर वळवलं, पाठीची जखम धुतली. आम्ही त्या वर्षी नर्मदेकाठी चार दिवस महेश्वरला जाऊन राहायचं ठरवलं होतं. मे २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या धडधाकट दिवसांतले शेवटचे सहा महिने त्या पलंगापाशी गेले. याचं बिल मी कुठल्या रकान्यात लिहू?

त्यामुळे पत्ता देणार नाही. त्याऐवजी चार प्रश्न देते, ते कुणाकडेही जाल तिथे विचारा, वैद्य असोत की डॉक्टर. एक, माझं नेमकं कुठलं हाड, कुठे मोडलं आहे? चित्र काढून दाखवा. दोन, काहीच केलं नाही तर काय होईल? तीन, जुळतं आहे की नाही हे किती दिवसांनी आणि कशावरून ठरवायचं? चार, नाही जुळलं तर पुढे काय, आणि तोवर उशीर झालेला असेल का? जो माणूस तिसऱ्या प्रश्नाला 'विश्वास ठेवा' म्हणेल तिथून उठा. त्याच्याकडे पदवी असो वा पाटी. आणि पडल्यावर पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल, टेकवता येत नसेल, तर चोळू नका, ओढू नका, कुणाला 'बसवायला' देऊ नका. आधी फोटो.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, घरी बोलून बघतो. संध्याकाळी त्याला माझे जानेवारीतले एक्स-रे पाठवले, मुलाकडून मोबाइलवर फोटो काढून घेऊन. आणि काठी टेकत अंगणाच्या दारापर्यंत चालतानाचा स्वतःचा नवा व्हिडिओही काढून घेतला. त्यात मी हाडाचं काय झालं ते सांगितलं आहे. जुना ज्या ज्या गटात आला असेल तिथे हाही पाठवा.

वन्सं, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला बरं वाटावं म्हणूनच सुचवलंत. पण तुमच्या शेजारणीला पुन्हा कुणी पत्ता विचारला, तर माझंही नाव सांगा.